ग्रामसभेचा व्हिडिओ

"आबा, हे असं चालनार न्हाई," लॅपटॉपवरची नजर न काढता सारिका म्हणाली. "व्हिडिओ बघायचा तर ब्राउझरला एक्स्टेंशन जोडा म्हनतंय."

"मग जोड की."

"कुनाचं हाय, काय हाय, कळत न्हाई. एकदा जोडलं की आपलं समदं वाचनार ते. बँकेचं बी."

कोंडाजी आबांनी सुनेकडं रोखून पाहिलं. पंचायतीनं सभेचा व्हिडिओ वेबसाइटवर टाकलाय, हे त्यांना काल पारावर कळलं होतं. सकाळपासून ते तिच्या मागं लागले होते. आधी तिला भाकरी टाकायच्या होत्या, मग नेट नव्हतं, आता हे. ही टाळतीय, त्यांच्या मनात आलं. चुलतसासऱ्याला झाकत असंल.

गायरान गोदामवाल्याला द्यायचा ठराव झाला, तेव्हा आबा तळेगावच्या दवाखान्यात होते. घरातून मुलगा संदेश सभेला गेला होता. "काकानंच पयला हात वर केला," असं त्यानंच येऊन सांगितलं. तेव्हापासून आबांनी सख्ख्या धाकट्या भावाशी, सोपानशी, बोलणं टाकलं. सोपान दारात येऊन "दादा, मी न्हाई" म्हणाला, तर आबांनी त्याच्या तोंडावर दार लावलं.

"त्याचा खोटेपणा मला डोळ्यांनी बघायचाय," आबा म्हणाले. "काय वाचायचं ते वाचू दे. तू जोड."

सारिकानं बटण दाबलं. थोडा वेळ नुसतंच चक्र फिरत राहिलं. मग देवळापुढचा मांडव दिसला. ग्रामसेवकाचा आवाज आला, "ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा."

आबा पुढं वाकले. सोपान हाताची घडी घालून खांबाला टेकून बसला होता. आजूबाजूचे हात वर गेले, त्याची घडी सुटली नाही. मग तो एकदम उभा राहिला. "आरं, गुरं कुटं न्यायची आमी?"

पुढच्या रांगेतला एक तरणा माणूस मागं वळला. संदेश. त्याचा एक हात वर होता. दुसऱ्या हातानं तो काकाला खाली बसवत होता.

सारिकाचं बोट घाईनं बंद करायच्या बटणाकडं गेलं.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. तिनं व्हिडिओ तिथंच थांबवला.

बाहेर मोटारसायकल वाजली. संदेश हेल्मेट घेऊनच आत आला. "काय बघताय एवढं?"

"संदेश, जरा हात वर कर," आबा म्हणाले.

"कशाला?"

"कर तर."

सारिकानं लॅपटॉप त्याच्याकडं वळवला. संदेशचा हेल्मेट धरलेला हात तसाच खाली राहिला.

आबा उठले. संदेशच्या अंगावरून, त्याच्याकडं न पाहता, शेजारच्या अंगणात गेले.

"सोपान," त्यांनी हाक मारली.

आत चाललेलं बोलणं थांबलं.