शेवटची स्लाइड

स्टीलची वाटी फरशीवर पडली आणि बराच वेळ गरगरत राहिली. पूर्वाने लॅपटॉपवरून मान वर केली.

"सोनू, काय चाललंय?"

"दवाखाना," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "तू तुझं काम कर."

काम जवळजवळ झालंच होतं. गरीब-श्रीमंतांच्या आरोग्यातली दरी कमी करायला श्रीलंका, ब्रिटन, ब्राझील आणि थायलंड यांनी काय काय केलं, याची तुलना. लेक झोपली की तेवढ्या वेळात केलेली. दुपारी ती विद्यापीठात मांडायची होती. पटली, तरच पीएच.डी.ला प्रवेश. फक्त शेवटची स्लाइड कोरी होती. तिथे संशोधनाचा प्रश्न हवा होता, एका ओळीत. मार्गदर्शक मॅडम काल फोनवर म्हणाल्या होत्या, "चार देश हिंडून आलीस. प्रश्न कुठल्या विमानतळावर राहिला?"

पूर्वाने टाइप केलं, 'धोरणांची तौलनिक परिणामकारकता…' तिलाच जांभई आली. खोडून ती उठली.

ओट्याखाली दोन बाहुल्या होत्या. सोनूच्या हातात खोकल्याच्या औषधाची पिचकारी.

"ही मी. मला न दुखणारं." टुच्! बाहुली लगेच नाचायला लागली. "आणि ही दीपाली. तिला दुखणारं." दुसऱ्या बाहुलीच्या दंडाला रुमाल बांधलेला होता.

दीपाली म्हणजे सोसायटीचे वॉचमन साईनाथ यांची मुलगी. सोनूएवढीच, पाच वर्षांची. दोघींना याच आठवड्यात, एकाच दिवशी, सारख्याच आजारांवरची लस मिळाली. दीपालीला महापालिकेच्या दवाखान्यात, फुकट. सोनूला खासगी डॉक्टरांकडे, पैसे मोजून. तिथे विचारतात, "पेनलेस देऊ की साधी?" पूर्वा मोबाइलमधून मान वर न करताच "पेनलेस" म्हणाली होती. आजार दोन्ही लशी रोखतात. पण त्या संध्याकाळी सोनू खाली खेळायला पळाली, तेव्हा दीपाली सुजलेला दंड धरून पायरीवर बसली होती.

"अगं, बरी होईल ती उद्यापर्यंत," पूर्वा म्हणाली.

"ते माहितीये मला." सोनूने दोन्ही बाहुल्या एकाच उशीवर निजवल्या. मग तिने एक साधीशी गोष्ट विचारली.

  पूर्वा हसली. तिने लेकीला उचलून लॅपटॉपसमोर मांडीवर घेतलं आणि कोरी स्लाइड उघडली.

"पुन्हा सांग, बाळा. सावकाश."

सोनूने बाईंसारखा घसा खाकरला.

"न दुखणारं आहे, तर मग दुखणारं कुणासाठी ठेवलंय?"