शिळं पाणी

करिश्मानं कुंडीतल्या झाडाला बोट लावलं, तर पान गळून हातातच आलं. दुसऱ्याचंही तेच. पानं फोडासारखी पाण्यानं टरारली होती आणि बुंधा पार पिचपिचीत झाला होता.

हे तिसरं. आधीची दोन अशीच गेली होती. हे तर तिनं बडनेऱ्याच्या मैत्रिणीकडून आणलेल्या एका पानापासून आठ महिने वाढवलेलं. जाड पानांचं सक्युलंट, मुठीत मावेल एवढं. पंधरा दिवसांतून एकदा चार चमचे पाणी, बाकी काही नाही. सात माणसांच्या त्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. ते जगावं म्हणून तिनं ते गच्चीवर टाकीच्या मागे लपवलं होतं.

पण लपवून काय होणार? अकोल्यातल्या त्यांच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो. नवं पाणी येणार म्हटलं की भरून ठेवलेलं शिळं होतं, आणि उन्हाळ्यात ते मोरीत ओतायला कुणाचा हात धजत नाही. मग तिच्या सासूबाई, मनकर्णाबाई, बादली घेऊन गच्चीभर फिरायच्या. तुळस, कढीपत्ता, मोगरा, सगळ्यांना सारखं. टाकीमागचंही त्यांनी शोधून काढलं होतं.

आज नळाचा दिवस. मनकर्णाबाई रिकामी बादली घेऊन समोरच उभ्या होत्या. करिश्माचं डोकं सणकलं. हजारदा सांगून झालं होतं, कुंडीवर चिठ्ठीसुद्धा चिकटवून झाली होती.

"आई, याले पाणी नाही लागत म्हणून कितीदा सांगू तुमाले?"

"एवढ्या तपनात कोणत्या जीवाले पाणी नाही लागत?" मनकर्णाबाईंना खरंच कळत नव्हतं. "आन् काहीच नाही लागत त्याले, तं लावलं काहून तू?"

"म्हणूनच लावलं." करिश्माचा आवाज चिरकला. "या घरात मले काही न मांगणारं एक तरी असावं म्हणून."

मनकर्णाबाईंनी बादली खाली ठेवली.

तेवढ्यात खालून करिश्माच्या नवऱ्याची, जीवनची, हाक आली. त्याला टॉवेल हवा होता. करिश्मा सवयीनं उठली. पण तिच्या आधी मनकर्णाबाई जिन्याशी पोचल्या आणि खाली वाकून लेकाला म्हणाल्या,

"दोरीवर हाय. आपल्या हातानं घे. करिश्मा रिकामी नाही."