शोधनिबंधात नसलेलं नाव

हेमलताताईंनी पुरस्कार समारंभाची पत्रिका तिसऱ्यांदा उलटसुलट करून पाहिली. डॉ. पुनमचं नाव ठळक अक्षरात होतं, पाहुण्यांची होती, मांडववाल्याचंसुद्धा होतं. त्यांचं मात्र कुठंच नव्हतं.

"बावीस वर्षं मोहझिरीच्या उपकेंद्रात नर्स म्हणून मी मरमर मरायचं," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आणि शाल या कालच्या पोरीला."

प्रेमराज वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, शांत माणूस. "कार्यक्रम बठ्ठा व्हई जाऊ दे," तो म्हणाला, "मंग बोल."

धुळ्याचं ते सभागृह गच्च भरलं होतं. आरोग्यसेवेवर छापून आलेल्या सर्वोत्तम संशोधनाला इथली एक संस्था दरवर्षी पुरस्कार देते. यंदाचा मान पुनमच्या निबंधाला होता. सातपुड्याच्या पायथ्याला उपकेंद्र हाकेच्या अंतरावर असूनही बायका घरीच का बाळंत होतात, हा तिचा विषय. परदेशातल्या मासिकाने तो छापला होता. इंग्रजीत, म्हणजे हेमलताताईंच्या दृष्टीने कुलूप लावलेला.

पण त्यासाठी पाय कुणाचे झिजले? तीन महिने भर उन्हात अकरा पाडे कुणी दाखवले? पुनमला तर कुठला नाला कुठून ओलांडायचा हेही ठाऊक नव्हतं. ताई पुढे चालायच्या, नाकाला पदर लावून. त्या झोपड्यांमधला धूर, शेळ्यांच्या लेंड्या, मोहाचा आंबूस वास. बावीस वर्षांत एक दिवसही तो पदर नाकावरून खाली आला नव्हता. तरी नोकरी केलीच ना? घरून पाण्याची बाटली न्यायची, डबा न्यायचा, काम आटोपून अंघोळ करायची.

आणि या पुनमची नाटकं बघा. पाड्यावरच्या मोगराबाईच्या चुलीपुढे मांडी घालून भाकरी खायची, त्यांच्याच पेल्यातून पाणी प्यायची, त्यांची बोली शिकायची. ताईंना ते पाहून शिसारी यायची. शिवाय प्रत्येक दारात एकच, "सिस्टर, तुम्ही जरा बाहेर बसा." ताईंसमोर त्या बायका तोंडच उघडत नसत. "मठ्ठ आहेत," ताईंनी पुनमला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. मग आत तासतासभर काय गुजगोष्टी चालायच्या, देव जाणे. ताई बाहेर घाम पुसत बसायच्या.

आता पुढच्या महिन्यात निवृत्ती. एवढ्या वर्षांत कुणी साधं फूल हातात दिलं नव्हतं. चारचौघांत एकदा आपलं नाव घेतलं जावं, एवढीच इच्छा उरली होती, आणि तीही या पोरीने गिळली.

मघाशी दारातच त्यांनी तिला गाठलं होतं.

"डॉक्टर, माझं नाव राहिलं वाटतं."

पुनम जरा गडबडली. "राहिलं नाही, सिस्टर. मुद्दामच नाही घातलं. गावाचंही नाही घातलं."

"मुद्दाम?"

"तेच बरं, सिस्टर. खरंच सांगते." आणि ती घाईघाईने आत निघून गेली.

मुद्दाम म्हणे. तोंडावर सांगते, लाजही नाही. शिकलेल्या माणसांचा हा कोडगेपणा पाहून ताईंच्या तोंडाला कडू पाणी सुटलं.

व्यासपीठावर शाल झाली, मानपत्र झालं. संस्थेचे अध्यक्ष रतिलालनाना गहिवरून म्हणाले, "या निबंधाने सरकारचं धोरण बदलेल." टाळ्या पडल्या. पुनमने हात जोडले. आता तरी बोलेल, आता तरी म्हणेल, असं वाटत होतं. ती खुर्चीवर जाऊन बसली.

ताई उठल्या.

"बस ना आता," प्रेमराजने पदर धरला. "बठ्ठा लोके देखी राह्यनात."

"देखू देत."

तरातरा जाऊन त्यांनी माइक हातात घेतला. "मी हेमलता प्रेमराज पाटील. या निबंधात ज्या उपकेंद्राचं नाव लपवलंय, ते मोहझिरीचं. तिथली नर्स मीच. बावीस वर्षं मीच."

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि पाहता पाहता सगळे वाजवू लागले. पुनम ताडकन उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पडू दे, ताईंना वाटलं, चोरी पकडली की असंच होतं.

रतिलालनाना खूश झाले. "अरे वा, ताई, तुम्ही तर या कामाचा पाया. या, इथं माझ्याशेजारी उभ्या राहा." त्यांनी खिशातून कागद काढला. "निबंध इंग्रजीत आहे, पण सारांश मराठीत करून घेतलाय, मीही अजून वाचलेला नाही. आत्ताच सभेला वाचून दाखवतो."

"नाना, नको," पुनम पुढे आली. "तो नंतर वाटू. आत्ता राहू द्या, प्लीज."

"का राहू द्या?" ताई म्हणाल्या. "वाचा नाना. आणि माझं नाव घालून वाचा."

"घालणारच. ज्याचं श्रेय त्याला," म्हणत नानांनी चष्मा चढवला. पुनम मटकन खाली बसली. ताईंनी पदर सारखा केला, मान ताठ केली. खाली प्रेमराज मोबाइल उंच धरून फोटो काढत होता.

नाना खणखणीत आवाजात वाचू लागले. "अकरा पाड्यांवरच्या दोनशे बारा बायकांना आम्ही एकांतात विचारलं, की उपकेंद्र जवळ असून तुम्ही तिथं का जात नाही? अंतराचं कारण कुणी दिलं नाही. खर्चाचं नाही, रूढीचंही नाही. एकशे नव्वद जणींनी एकच सांगितलं : तिथल्या नर्सला, म्हणजे आपल्या या हेमलताताईंना, आमची किळस येते."