धुण्याचा दगड

मिरसादाने खांद्यावरचा गालिचा काठावर टाकला आणि दम खात उभी राहिली. उतारावरून तो एकटीने आणताना तिची पाठ भरून आली होती.

खाली पाण्यात तिचा नवरा रेशाद छातीपर्यंतचा रबरी पोशाख चढवून उभा होता. चामड्याचा कारखाना कधीच बंद पडला, पण त्याने सोडलेला काळा गाळ नदीच्या तळाशी तसाच राहिला होता. आता तो यंत्राने उपसत होते आणि यंत्राला जमत नाही तिथे माणसं उतरत होती. रेशाद दर रविवारी उतरायचा. त्याच्या शेजारी झुमरेता होती. पाणी तपासायचं काम तिचं. नवरा गेलेला, वयाने मिरसादापेक्षा बरीच लहान. तिने बाटली उजेडात धरली होती आणि रेशाद तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. घरी तो कशाकडेच असा वाकून पाहत नसे.

"काय दिसतंय एवढं त्यात?" मिरसादाने वरूनच विचारलं.

"अगं, तू? आणि हा गालिचा कशाला आणलास?" रेशाद म्हणाला.

"नदीवर गालिचा कशाला आणतात? धुवायला. सगळ्या गल्लीला सांगत फिरतोस ना, पाणी निवळलं म्हणून."

झुमरेता पाणी कापत पुढे आली. "वहिनी, इथे नका घालू. या वळणावरचा गाळ अजून निघायचाय. कारखान्याचं विष आहे त्यात, लोकरीत बसलं तर जायचं नाही."

"मला वहिनी म्हणतेस. त्याला भाऊ म्हणताना मात्र कधी ऐकलं नाही तुला."

झुमरेताने बाटलीला बूच लावलं. रेशादने बायकोचा चेहरा पाहिला आणि फावडं उचललं. "झुमरेता, तिला वर घेऊन जा, दगडांपाशी. मी हा ओंडका तेवढा काढतो." हे त्याने झुमरेताला सांगितलं, बायकोला नाही.

दोघींनी गालिचा दोन टोकांना धरला आणि काठाकाठाने वर चालू लागल्या. मिरसादा झुमरेताचे हात पाहत होती. कातडी फुटलेली, नखं तुटलेली. नखं रंगवलेली असती तर तिला सोपं गेलं असतं.

वळणाच्या वर पाणी नितळ होतं. तळातले गोटे दिसत होते. काठाला चपट्या दगडांची ओळ होती, आणि ती पाहून मिरसादा थबकली. गल्लीतल्या बाया पूर्वी इथेच गालिचे धूत. ते दगड केव्हाच गेले, असं ती धरून चालली होती.

"गाळात पुरले होते," झुमरेता म्हणाली. "यंत्रवाला उचलून टाकणार होता. रेशादनी हात लावू दिला नाही. फावड्याने, मग हाताने खणले एकेक. हा टोकाचा सगळ्यांत आधी." तिचा आवाज कोरडा झाला. "हा तुमचा."

"माझा?"

"तुमच्या हातातलं कपडे बडवायचं धोपाटणं निसटलं, वाहून चाललं, आणि त्यांनी कपड्यांनिशी उडी मारली. तेव्हा पहिल्यांदा पाहिलं म्हणे तुम्हाला. सबंध उन्हाळा ऐकतेय मी. बादली ओतली की मिरसादा, टेकायला बसलं की मिरसादा." तिने आपलं टोक गरजेपेक्षा जोरात पाण्यात टाकलं. "माझ्यासाठी नाही कुणी दगड लक्षात ठेवला."

मिरसादाने तिच्याकडे नीट पाहिलं. काठावर आल्यापासून ती नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे शोधत होती, ते या बाईच्या चेहऱ्यावर होतं. म्हणजे तिचा संशय अगदीच खोटा नव्हता. फक्त ज्याच्यावर होता, त्याला झुमरेताच्या मनाचा पत्ताच नव्हता.

पण तिचं मन हलकं झालं नाही.

तो दगड हस्नाचा होता. धोपाटणंही हस्नाचंच निसटलं होतं. गिरणीवाल्याची मुलगी, पुढे लग्न होऊन परमुलखात गेली. मिरसादा त्या दिवशी काठावर चादर पिळत उभी होती. तिने रेशादला उडी मारताना पाहिलं. धोपाटणं डोक्यावर धरून तो वर आला, आणि कुणाकडे पाहून हसला, तेही पाहिलं. लग्नानंतर तिने त्या दिवसाचा विषय एकदाही काढला नाही. त्याला आठवत नसेल, असं तिने स्वतःला समजावलं होतं. त्याला सगळं आठवत होतं. दगडावर बाई तेवढी दुसरी बसवली होती. ती चुकून की जाणून, हे विचारलं असतं तर कळलं असतं. म्हणूनच ती विचारणार नव्हती.

ती त्या दगडावर गुडघे टेकून बसली.

पाणी इतकं गार होतं की बोटं बधिर झाली. दोघींनी गालिचा साबण लावून घासला, उलटला, पुन्हा घासला. जुना लाल रंग वर आला. भिजलेली लोकर एकटीला उचलण्यासारखी नव्हती, म्हणून पिळायला दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीने उजवीकडे पीळ दिला, दुसरीने डावीकडे. खालून रेशादने हाक मारली, "येऊ का मदतीला?"

"काही नको," मिरसादा ओरडली. झुमरेताने टोक आणखी घट्ट धरलं.

"पुढे काय झालं?" थोड्या वेळाने झुमरेताने विचारलं. "धोपाटणं मिळालं का?"

"त्याने नाही सांगितलं?"

"ते दर वेळी तिथेच थांबतात. पुढे नुसते हसतात."

मिरसादाने आणखी एक पीळ दिला. लोकरीतून पाण्याची धार दगडावर पडली.

"मिळालं," ती म्हणाली. "काठाला आला आणि माझ्या हातात दिलं."