भाऊसाहेबांची सिगार

माजी मंत्री भाऊसाहेबांची पन्नास वर्षांची सिगार डॉक्टरांनी सोडवली, तेव्हा त्यांच्या पत्नी जयवंताबाईंनी मारुतीला नारळ फोडला. दुसऱ्याच दिवशी पवनारच्या घरी निवडणुकीच्या इच्छुकांची रीघ लागली. एरवी कोणी काही मागितलं की भाऊसाहेब लांब झुरका घेत. धूर विरेपर्यंत मागणाराच कंटाळून उठे. आज मात्र दुपारपर्यंत त्यांनी सिंदीच्या एकाच वॉर्डाचं तिकीट तिघांना देऊन टाकलं.

"अहो, साऱ्याइले ‘हो’ काऊन म्हणून राह्यले तुमी?" जयवंताबाईंनी कपाळावर हात मारला.

"तोंड रिकामं असलं का निंगूनच जाते, बाई," भाऊसाहेब ओशाळून म्हणाले.

तेवढ्यात फाटकातून चौथा इच्छुक हार घेऊन येताना दिसला. जयवंताबाईंनी दडवलेल्या डब्यातली सिगार स्वतःच्या हाताने नवऱ्याच्या ओठांत खोचली आणि काडेपेटी आपल्या कमरेला.