एकाच पक्षात

निवडणुकीच्या प्रचारात दोघा सुतार भावांचं असं काही वाजलं, की बोलणंच बंद झालं. कारखाना मात्र एकच. लांब फळी कापायची असली की एक करवत चालवायचा, दुसरा टोक धरायचा, पण तोंडातून ब्र नाही.

निकाल लागला आणि धाकट्याचा पक्ष देशभर भुईसपाट झाला. थोरल्याने चिडवायला चार शब्द जुळवून ठेवले होते, पण भावाचा उतरलेला चेहरा बघून ते गिळून टाकले. पुढे काही दिवस धाकट्याचा पक्ष 'पुढची दिशा' ठरवत बसला, आणि ती दिशा निघाली थेट थोरल्याच्या पक्षाच्या दारात. दोन्हीकडचे पुढारी टीव्हीवर गळ्यात गळे घालून हसत होते.

दुसऱ्या दिवशी थोरल्याने स्वतः चहा आणला आणि एक कप भावापुढे सरकवला. मग घसा खाकरून म्हणाला, "आता एकाच पक्षात आलो आपण. बोलायला हरकत नाही."

धाकट्याने रंधा बाजूला ठेवला आणि चहाचा घोट घेतला.



"मी सकाळीच पक्ष सोडला, दादा."