तांब्याची झिलई

आयुष्यभर अमूर्त चित्रं काढणाऱ्या चित्रकारानं उतारवयात कुंचले गुंडाळून ठेवले आणि जुन्या चिनी कुंभारांच्या पद्धतीनं मातीची शिल्पं करायला घेतली. हे काय भलतंच खूळ, असं सगळे विचारत. बायको विचारायची नाही. खुळांची तिला सवय होती. आज मुलाखतीला आलेल्या बाईंनीही तेच विचारलं.

"त्या चिनी कुंभारांची तांब्याची झिलई," चित्रकार म्हणाला, "लावताना नुसती राखाडी दिसते. भट्टी साधली तर लाल, बिघडली तर हिरवी. भट्टी उघडेपर्यंत रंग कुणालाच दिसत नाही. तिथं सगळे सारखे."

बाईंनी मान डोलावली, लिहून घेतलं आणि चहा पिऊन त्या गेल्या.

दुपारी भट्टी निवली. बायकोनं दार उघडायला हात लावला. चित्रकारानं शिल्प बाहेर काढलं, खिडकीतल्या उन्हात धरलं, चहूबाजूंनी फिरवून निरखलं. शिल्प पोपटासारखं हिरवंगार झालं होतं.

"अगं," तो हळूच म्हणाला, "लाल उतरलाय ना?"

बायको क्षणभर त्या गुंडाळलेल्या कुंचल्यांकडे बघत राहिली.

"उतरलाय," ती म्हणाली. "पण यापुढे भट्टी उघडताना बाहेरचं कुणी नको."